बाईंचं व्हिटॅमिन डी

आमच्या बाईंकडे स्कूटी शिकायला गेलेल्या मुलीला सुरुवातीला गाडीवर बसायलाच मिळत नसे. गाडी ढकलायची. बंद गाडीचं हँडल धरून मैदानाला फेऱ्या मारायच्या, वळवायची, स्टँडवर चढवायची, उतरवायची. कुणी कुरकुर केली की बाई म्हणायच्या, "भर रस्त्यात पेट्रोल संपेल तेव्हा नवरा हिंजवडीहून धावत येणार आहे का? ढकला."

"अहो बाई, माझं लग्न नाही झालेलं," मी म्हणाले होते.

"मग तर काय, ढकलाच."

ही आमची पहिली ओळख. मी तेव्हा नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले होते. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. माझ्या आईच्या मते ही नोकरी माझ्यासाठीच जन्माला आली होती. कंपनीची बस घरापासून लांब थांबायची आणि रिक्षावाला तिथे यायला तयार झाला तर तो पुण्याचा रिक्षावाला कसला! तेव्हा स्कूटी शिकणं आलं. आमच्या आळीतल्या निम्म्या मुली त्या काळात अशाच कुठल्या ना कुठल्या कंपनीत चिकटत होत्या, आणि चिकटल्या की पहिल्या पगाराआधी बाईंच्या मैदानावर हजर होत होत्या.

मैदान स्वारगेटच्या मागे, एका शाळेचं. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळभर मैदान बाईंचं. पुरुषांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. बाप, भाऊ, होणारा नवरा, सगळे बाहेर. "आत येऊन 'ब्रेक, ब्रेक' ओरडतात आणि ती बिचारी घाबरून रेस देते," हे त्याचं कारण. हॉर्न वाजवायलाही बंदी. "हॉर्न म्हणजे रडणं. लहान मूल रडतं, तुम्ही कशाला रडता?" आणि कुणी फारच वेडीवाकडी चालवायला लागली की बाई एकदम आदरार्थी व्हायच्या. "आपण गाडी चालवताय, की गाडी आपल्याला फिरायला घेऊन निघालीय?" त्या 'आपण' म्हणाल्या की समजायचं, आता खैर नाही.

दिसायला कशा होत्या हे सांगता येणार नाही, कारण त्या दिसायच्याच नाहीत. डोक्याला आणि तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली, वर गॉगल. अंगात गळाबंद, लांब बाह्यांचा कुडता. हातात खांद्यापर्यंत चढवलेले पांढरे हातमोजे, मांजरपाटाचे, घरी शिवलेले. पायात मोजे. भर एप्रिलमध्ये, अकराच्या उन्हात, मैदानाच्या मध्यभागी ही पांढरी आकृती उभी असायची आणि तिच्यातून आवाज यायचा.

आम्हाला वाटलं, गाडी चालवण्याचा हाच पोशाख. कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. आमच्या बॅचमधल्या एकीने आधी तसे मोजे शिवून आणले, मग दुसरीने, आणि महिना संपायच्या आत आम्ही सगळ्याच जणी खांद्यापर्यंत पांढऱ्या झालो. मैदानाजवळच्या शिंप्याने तर तयार करून टांगायलाच सुरुवात केली. माझ्या आईने विचारलं, "मोजे फीमध्ये धरलेत का वेगळे?" पुण्यातल्या बायका दुचाकीवर तोंड-हात बांधून का फिरतात याबद्दल लोक धूळ सांगतात, ऊन सांगतात, काळं पडण्याची भीती सांगतात. मी माझ्यापुरतं सांगते. बाई बांधायच्या म्हणून आम्ही बांधलं.

बाईंनी आमचे मोजे पाहिले तेव्हा त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "घाला, घाला. बरंच झालं." काय बरं झालं ते मला फार नंतर कळलं.

कोर्सचा शेवटचा धडा म्हणजे खडकवासला. बाई सगळ्यांत पुढे, मागून आमची बदकांची रांग. धरणापाशी पोचलो की बाईंकडून प्रत्येकीला एक भाजलेलं कणीस मिळे, तेच सर्टिफिकेट. आम्ही मोजे काढून कणसांवर तुटून पडलो. बाई मोज्यांतच खात होत्या. तिखट-मिठाचं लिंबू पांढऱ्या बोटांवरून ओघळत होतं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले आणि न विचारता त्यांच्या हातावर ओतली. मोजा मनगटापाशी सरकला. खाली कातडी लालभडक होती, आणि तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे पांढरे पापुद्रे.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "आता विचार."

"काय विचारू?"

"लागतं का, ते."

"लागतं का?"

"नाही. सोरायसिस म्हणतात. कुणाला लागत नाही, मला सोडत नाही. झालं?"

"झालं," मी म्हणाले. मग आम्ही कणीस खाल्लं.

त्यानंतर मी रविवारी सकाळी त्यांच्या मदतीला मैदानावर जायला लागले. बाई मला उपबाई म्हणायच्या. त्यांनी स्वतःबद्दल कधी रडगाणं गायलं नाही. लग्न झालं होतं, एवढं एकदा सांगितलं. "सासरी माझं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागले. मी म्हटलं, ताटच कशाला, मीच वेगळी राहते." नवी पेठेत दोन खोल्या घेतल्या, सेकंडहँड लूना घेतली, आणि स्वतःची स्वतः शिकल्या. तेव्हा बाईला गाडी शिकवायला बाई मिळत नव्हती, म्हणून पुढे त्याच शिकवायला लागल्या. तोंड-हात झाकून गाडीवरून जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, हा शोध त्यांना त्या लूनावर लागला होता. आमचे मोजे बघून त्या 'बरंच झालं' का म्हणाल्या तेही तेव्हा कळलं, सगळ्याच झाकलेल्या असल्या की त्या एकट्या वेगळ्या दिसत नव्हत्या.

मग त्यांची बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. उजव्या हाताचं एक बोट तर मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजलं. टाच टेकवेना. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे होतेच, ते बाई स्वयंपाकाच्या नावावर खपवायच्या. मी त्यांना ओढत सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ओढत म्हणजे माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर बसवून, आणि माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात कठीण ड्रायव्हिंग टेस्ट होती. "आरसा शोभेला आहे का?" "त्या पीएमटीशी तुझं काय वैर आहे?" टिळक रोड संपेपर्यंत माझा घाम निघाला होता.

डॉक्टर बाईंच्याच वयाच्या होत्या आणि बाईंइतक्याच फटकळ. त्यांनी बोटं पाहिली, नखं पाहिली, कोपरं पाहिली. म्हणाल्या, "कातडीतला सोरायसिस सांध्यांत उतरलाय. काहींचा उतरतो." रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "व्हिटॅमिन डी तर तळाला गेलंय. उन्हात जाता की नाही?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "डॉक्टर, माझं पोट उन्हावर चालतं. सकाळी आठपासून साडेबारापर्यंत मैदानात उभी असते. पुण्यात माझ्याइतकं ऊन खाल्लेली दुसरी बाई दाखवा."

"कशा उभ्या असता? दाखवा."

बाईंनी पर्समधून ओढणी काढली, बांधली. गॉगल लावला. हातमोजे चढवले.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलल्या. "अहो, तुम्ही कुठे असता उन्हात? तुमचे कपडे असतात."

मला हसू आलं, मी ते दाबलं. बाईंना हसू आलं नाही. डॉक्टरांनी मग नीट समजावलं. असा आजार असलेल्यांमध्ये डी कमी सापडणं नेहमीचं आहे. डी कमी म्हणून आजार, की आजारापायी माणूस उन्हाला चुकवतो म्हणून डी कमी, की आणखीच काही, हे खात्रीने कुणी सांगत नाही. कमी आहे तर भरून काढायचं, हाडांना बरं. त्यासाठी आठवड्यातून एकदा दुधातून पावडर. थोडं ऊन, उघड्या अंगाला, पण भाजेल इतकं नाही, आणि तेही सूर्य जरा वर आल्यावरचं. आणि सांध्यांसाठी वेगळी गोळी, तीही आठवड्यातून एकदाच, अधूनमधून रक्त तपासून. "ही गोळी मुख्य. ही सोडायची नाही," असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं. बाईंनीही ऐकलं असं मी धरून चालले.

बाईंनी त्यातलं डी तेवढं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून बाई ज्याला त्याला सांगायला लागल्या, "माझं डी कमी आहे." शेजारणीला, वाण्याला, शाळेच्या शिपायाला. आणि काय सांगू, अख्खं पुणं त्यांच्या बाजूने उभं राहिलं! "अय्या, माझं पण!" "आमच्या ह्यांचं तर नऊ निघालं हो." "तुमचं किती?" दहावीचे मार्क विचारावेत तसे लोक डी विचारत होते, उलटा हिशोब एवढाच, ज्याचे कमी त्याचा मान जास्त. बाईंचा मान मोठा होता. मैदानावर आयांच्या घोळक्यात बसून त्या दुधातल्या पावडरीची चव कशी लागते यावर बोलायच्या. इतक्या गप्पा मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं.

ऊनही घ्यायला लागल्या. पण कसं? सकाळी साडेसहाला, गॅलरीत, मोजे काढून. मी म्हटलं, "अहो, हे कोवळं ऊन काही कामाचं नाही, डॉक्टर म्हणाल्या ना, सूर्य वर आल्यावर."

"कोवळं ऊन चांगलं असतं. लहान मुलांना घालतात."

"तुम्ही लहान मूल आहात का?"

"साडेसहाला समोरच्या चाळीतलं कुणी उठत नाही," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

काही महिन्यांनी एका रविवारी त्या मैदानावर पेढ्यांचा खोका घेऊन आल्या. डी नॉर्मल! रिपोर्ट आला होता. मुली टाळ्या वाजवत होत्या. बाई खोक्याचा दोरा सोडायला लागल्या. गाठ साधी होती, हलवायाची. बोटं तिच्यावरून नुसती घसरत होती. उजव्या हाताची दोन बोटं आता सुजलेली नव्हती, वाकडी झाली होती. मोज्यातूनही दिसत होतं. बाईंनी गाठ दाताने ओढून पाहिली, तोंडावर ओढणी होती ते विसरून.

माझा पारा चढला. मला राग आला की मी जागा बघत नाही, हा माझा जुना रोग आहे. "पेढे कसले वाटताय?" मी ओरडले. "खोका सोडवता येत नाहीये तुम्हाला! डी भरलं, हात कुठे भरला? ती दुसरी गोळी घेताय का?"

बाई म्हणाल्या, "उपबाई, आपण पेढा घ्या." आपण! मी पेढा न घेता गाडीला किक मारली आणि निघून आले.

बाईंच्या शिकवण्याचा सगळा जीव हातांत होता. मुलगी पुढे, बाई मागे, मुलीच्या हातांवर बाईंचे हात. रेस किती पिळायची, ब्रेक किती दाबायचा, हे त्या तोंडाने सांगतच नसत. तोंड टोमण्यांसाठी, शिकवायला हात. मुलीचा हात घाबरून आवळला की बाईंचा हात वरून ब्रेक दाबायचा, गाडी थांबायची, मुलीला वाटायचं आपणच थांबवली. स्कूटीचे दोन्ही ब्रेक हातांत. ती बोटं गेली की क्लास गेला, हे मला कळत होतं आणि त्यांना माझ्याआधी कळलेलं असणार.

पेढ्यांनंतर थोड्याच दिवसांत ते झालं. कॉलेजातली एक मुलगी, नवीनच. घाबरली आणि रेस पिळत गेली. गाडी शाळेच्या भिंतीकडे निघाली. बाईंनी वरून ब्रेक दाबला. हात मिटलाच नाही. दोघी गाडीसकट भिंतीच्या अलीकडे मातीत पडल्या. मुलीचा गुडघा खरचटला, बाकी काही नाही. बाईंचा मोजा कोपरापासून फाटला. मुलीची आई फाटकातून धावत आली, तिने मुलीला उठवलं, मग तिचं लक्ष बाईंच्या उघड्या हाताकडे गेलं.

"अगंबाई! हे काय? असल्या हातांनी माझ्या मुलीचे हात धरता?"

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "लागत नाही ते."

"तर मग झाकून का ठेवलंत?"

बाई फाटका मोजा ओढून हात झाकायला लागल्या. पेढ्यांचा राग उतरला नव्हता तरी रविवार म्हणून मी आले होते, मी पडलेली गाडी उचलली. आठवड्याभरात मैदान रिकामं झालं. कुणी भांडायला आलं नाही. कुणाची परीक्षा निघाली, कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा फोन लागेना.

मी नवी पेठेत गेले. बाईंनी दार उघडलं तेव्हा हातांत मोजे नव्हते. डॉक्टरांकडे ओझरते पाहिलेले त्यांचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. बघवत नव्हते, खोटं कशाला बोलू. त्यांनी चहा केला, कप दोन्ही तळव्यांत धरून आणला. मी विचारलं, "गोळी का नाही घेतलीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "डी कमी आहे म्हटलं ना, की माणसं जवळ सरकतात गं. स्वतःचंही सांगतात. शेजारची बाई माझ्या पलंगावर बसली होती, तिचं किती आणि माझं किती ते बोलायला. माझ्या पलंगावर! इतक्या वर्षांत कुणी बसलं नव्हतं. ती दुसरी गोळी तोंडात टाकली की मी परत त्या वेगळ्या ताटाची. मला नको होतं ते. मला डीच हवं होतं."

मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. त्याच रागाच्या भरात मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी मागच्या सीटवरून एकही टोमणा आला नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "डीने हाडांचं बघितलं. सांध्यातली आग त्याने विझत नाही, त्यासाठी गोळी होती. ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत."

"ब्रेक दाबता येईल का?" बाईंनी विचारलं.

"बाकीच्या बोटांनी येईल. ती वाचवली तर."

बाईंनी गोळी घेतली. एकही आठवडा चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी मळमळायचं, तो दिवस त्या नुसत्या ताकावर काढायच्या आणि मला फोनवर शिव्या घालायच्या. फरक पडायला महिने लागले. सूज उतरली, टाच टेकायला लागली. कातडी थोडी निवळली, गेली नाही. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी माझ्या मनगटाभोवती उरलेली बोटं आवळून दाखवली. मी "आई गं" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग त्यांनी बोर्ड लावला आणि नवीन बॅच जमवली. पहिल्या सकाळी मी मुद्दाम रजा टाकून गेले. सात-आठ जणी आणि त्यांचं लटांबर. बाई आल्या त्या अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यात. ओढणी नाही, गॉगल नाही. मैदानावर मला त्यांचं तोंडसुद्धा अनोळखी वाटलं, इतकं ते तिथे नेहमी झाकलेलं असायचं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"हे बघून घ्या. सोरायसिस आहे. सांध्यांतही आहे, गोळ्या चालू आहेत. कुणाला लागत नाही, डॉक्टरांचं नाव देते, विचारून या. शिकवताना हे हात तुमच्या हातांवर असणार. चालत नसेल त्यांनी आत्ताच जावं. नंतर परीक्षा आणि पाय मुरगळणं नको, मला कंटाळा आलाय त्याचा."

मग एक आई मुलीला घेऊन सावकाश फाटकाकडे निघाली, तिच्यामागे दुसरी. बाकीच्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, जायला कारण शोधत असल्यासारख्या. बाई हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता खाली घ्या हो, पुरे झालं.

मागून एक बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होत्या. येरवड्याहून दोन बस बदलून आल्या होत्या, रिटायर व्हायच्या आत एकदा गाडीने ऑफिसला जायचं म्हणून. त्या बाईंच्या हातांकडे बघून म्हणाल्या, "बाई, आमच्या आजीच्या हातचं पाणी गावात कुणी प्यायचं नाही. हात लागला की विटाळ. आम्ही बाबासाहेबांमुळे माणसांत आलो. हाताला हात लागण्याचं मला काय सांगता? कुठली गाडी माझी?"

"साडी आवरून बसा," बाई म्हणाल्या.

"आधी ढकलायची असते ना? ऐकलंय मी."

"आज नाही. आज बसा."

त्या पुढे बसल्या, बाई मागे. बाईंनी आपले उघडे हात त्यांच्या हातांवर ठेवले. दोन वाकडी बोटं बाहेर राहिली, बाकीची घट्ट बसली. गाडी निघाली. अकराचं ऊन होतं, मैदानात सावली नव्हती. एका वळणावर गाडी कलली, हेडक्लार्कबाई ओरडल्या, आणि ब्रेक लागला. गाडी थांबली. पुन्हा निघाली. उरलेल्या मुली आपला नंबर कधी लागतोय ते विचारायला माझ्याकडे आल्या.

शाळेची घंटा झाल्यावर सगळ्या गेल्या. बाई पायरीवर बसून तळव्यांकडे बघत होत्या. मी विचारलं, "दुखतायत का?"

"दुखतायत," त्या म्हणाल्या. मग तळवे एकमेकांवर घासत म्हणाल्या, "तिचे हात गरम होते गं. एवढ्या जणींना शिकवलं, एवढ्या जणींचे हात धरले. माणसाचे हात गरम असतात, हे मला आज कळलं."